खाऱ्या वाऱ्यात टिकेल असा घडीचा चाकू

ताई, तुमचा भाऊ सुट्टीत मुरुडच्या खडकांवर गळ टाकून बसतो, जून लागला की सह्याद्रीत भटकतो आणि त्याचा चाकू दर पावसाळ्यात गंजून वाया जातो. वाढदिवसाला न गंजणारा चाकू द्यायचाय, बजेट चार-साडेचार हजार, तर कोणतं स्टील घ्यावं, असं तुम्ही विचारलंय. स्टीलचं सांगतोच, पण घडीचा चाकू बहुतेक वेळा आधी आतून गंजतो. पातं लखलखीत असतं आणि खटका, स्क्रू, आतल्या पट्ट्या तांबूस झालेल्या असतात. म्हणून दुकानात पात्यावरचं नाव वाचून झालं की चाकू उघडून आत डोकावायचं.

आधी पातं. पोलादात साधारण १०.५ टक्क्यांच्या वर क्रोमियम असलं की त्याला स्टेनलेस म्हणतात. क्रोमियममुळे पात्यावर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर धरतो, खरवडला तर पुन्हा धरतो आणि खालचं लोखंड झाकून ठेवतो. मिठातलं क्लोराइड हाच थर जागोजागी फोडतं, म्हणून समुद्रावर चांगल्या स्टेनलेसलाही बारीक काळे खड्डे पडू शकतात. त्यात धार टिकावी म्हणून कार्बन वाढवला, तर तो क्रोमियमशी संयोग पावून कार्बाइडचे कण बनवतो. त्या कणांत अडकलेलं क्रोमियम गंज अडवायला उरत नाही. डी-२ नावाचं पोलाद हे याचं सरळ उदाहरण. क्रोमियम सुमारे १२ टक्के, पण कार्बन दीड टक्का. स्वस्त चिनी चाकूंवर हे नाव बरंच दिसतं. धार मस्त धरतं आणि नुसत्या डोंगरासाठी मी नाही म्हणणार नाही, पण आमिषाची कोळंबी कापून तसाच मिटलेला डी-२ लवकरच ठिपके दाखवतो.

भेट घेणाऱ्यांना हमखास भुलवणाऱ्या दोन गोष्टी आहेत. एक, लाटालाटांच्या नक्षीचं ‘दमास्कस’ पातं. दिसायला देखणं, पण बहुतेक नक्षीदार पाती साध्या कार्बन पोलादाच्या दोन जाती घडवून आणि आम्लात बुडवून केलेली असतात. खाऱ्या हवेत त्यांचं घरातल्या विळीसारखंच होतं. कैरी चिरून पुसली नाही की काळी, ओली राहिली की तांबडी. दुसरी गोष्ट, काळा लेप दिलेलं पातं. लेप दोन्ही बाजूंना असतो, धारेवर नसतो, आणि धारच पहिली गंजते.

आता आतलं. एका अंगठ्याने झटकन उघडणारे जे चाकू सध्या लोकप्रिय आहेत, त्यांत बऱ्याचदा सांध्याला बारीक बॉल बेअरिंग असतात. वाळू आणि खारं पाणी आत गेलं की ती करकरायला लागतात आणि साध्या पोलादाची असली तर गंजतात. त्यापेक्षा ब्राँझ किंवा नायलॉनचे चपटे वॉशर बरे. मुठीच्या आत जितके कमी पत्रे आणि स्प्रिंगा, तितकं चांगलं. मूठ मागून उघडी असावी, म्हणजे नळाखाली धरली की पाणी आरपार जातं. चामड्याचं म्यान तर नकोच. पावसाळ्यात त्याला बुरशी येते आणि ते ओल धरून ठेवतं.

या कसोटीवर तुमच्या बजेटमध्ये मी ओपिनेलचा आठ नंबर घेईन, आणि त्यातही त्यांचं ‘आउटडोअर’ मॉडेल. ओपिनेल फ्रान्समधल्या सावोय प्रांतातला, १८९० पासूनचा चाकू. त्याची रचना इतकी साधी की आत गंजायला जवळजवळ काही नाही: मूठ, पातं, एक खीळ, एक पक्की कडी आणि पातं अडकवणारी फिरती कडी. ही फिरती कडी १९५५ मध्ये आली. मात्र लाकडी मुठीचा नेहमीचा ओपिनेल तुमच्या भावासाठी नको. बीचचं लाकूड पावसात फुगतं आणि पातं आत घट्ट बसतं, मग मुठीचं बूड दगडावर आपटून ते बाहेर काढायचं. आउटडोअर मॉडेलला प्लास्टिकची मूठ आहे आणि साडेआठ सेंटीमीटरचं स्टेनलेस पातं. पात्याचा काही भाग करवती दात्यांचा, म्हणजे ओला दोर आणि तंगूस झटकन तुटतो. मुठीत शिट्टीसुद्धा आहे. पोरखेळ वाटेल, पण धुक्यात वाट चुकलेल्या माणसाच्या आवाजापेक्षा शिट्टी लांब जाते. साधं ओपिनेल मागवत असाल तर ‘इनॉक्स’ (म्हणजे स्टेनलेस) लिहिलेलंच घ्या, ‘कार्बोन’ लिहिलेलं गंजतं.

दुसरा पर्याय व्हिक्टोरिनॉक्सचा मोठा, मिटल्यावर १११ मिलिमीटरचा, खटक्याने पातं पक्कं होणारा चाकू. पोलादात क्रोमियम सुमारे १५ टक्के आणि कार्बन अर्धा टक्का, म्हणून धार तुलनेने लवकर जाते, पण निसण्यावर चार हात फिरवले की परत येते. मला हा सौदा मान्य आहे. किनाऱ्यावर बसून धार लावता येते, खड्डे पडलेलं पातं मात्र घासूनच संपवावं लागतं. याला रिव्हेट आहेत, त्यामुळे पूर्ण खोलून साफ करता येत नाही. हत्यारं जितकी जास्त तितक्या फटी जास्त, तेव्हा कात्री-करवत-स्क्रूड्रायव्हरवाला भरगच्च नग घेऊ नका.

खरोखर समुद्रासाठीच बनवलेले चाकू म्हणजे स्पायडर्को या अमेरिकी कंपनीची ‘सॉल्ट’ मालिका. त्यात आधी वापरल्या जाणाऱ्या एच-१ पोलादात कार्बन नावालाच होता. एलसी-२०० एन या पोलादात कार्बनचं बरंचसं काम नायट्रोजनकडे दिलेलं. २०२१ मध्ये आलेल्या मॅग्नाकट पोलादात क्रोमियम जेमतेम पावणेअकरा टक्के, पण ते कार्बाइडात अडकत नाही आणि म्हणून गंजाला दाद देत नाही. ही सगळी तुमच्या बजेटच्या बरीच बाहेर. भावंडांनी मिळून वर्गणी काढली तर गोष्ट वेगळी.

एक कायद्याचं. शस्त्र नियमांत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याचा उल्लेख आहे, हे चाकू त्याच्या जवळपासही नाहीत. पण वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार अभयारण्यात लेखी परवानगीशिवाय शस्त्र नेता येत नाही, आणि त्या कायद्यातल्या शस्त्राच्या व्याख्येत चाकू आहे. गळही आहे! हरिश्चंद्रगड, रतनगड, वासोटा हे अभयारण्याच्या हद्दीतले गड, आणि मुरुडजवळचं फणसाड तर तुमच्या भावाच्या वाटेवरच. शहरात पोलिसांचे मनाई आदेश अधूनमधून निघतात, त्यांत चाकू-सुरे असतात. म्हणून प्रवासात तो खिशात नको, सॅकच्या तळाशी. विमानात चेक-इन सामानात.

खोक्यात आणखी दोन वस्तू घाला: एक छोटा निसणा आणि औषधाच्या दुकानात मिळणारी लिक्विड पॅराफिनची बाटली. समुद्रावरून आलं की गोड्या पाण्याने धुवायचा, उघडा वाळवायचा आणि सांध्यात थेंबभर पॅराफिन सोडायचं. ते खाण्याच्या वस्तूला लागलं तरी चालतं आणि चिकट होत नाही. गोडेतेल चिकटतं, आणि खोबरेल थंडीत गडावर थिजतं.