खाऱ्या हवेत पितळेचे देव हिरवे का पडतात? ते कसे घासावेत?

तुमचं घर मालवणात, समुद्राजवळ. देव्हाऱ्यात पितळेची अन्नपूर्णा आणि रांगता बाळकृष्ण. दर आठवड्याला लिंबू-मीठ लावून घासूनही श्रावणात हिरवे डाग येतात आणि बाळकृष्णाचा चेहरा पुसट होत चाललाय, असं तुम्ही लिहिलंय. माझं स्पष्ट मत: देव घासणं कमी करा, कोरडे करणं वाढवा. आणि मीठ आजपासून बंद.

पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. नुसत्या हवेनं ते काळपट होतं, त्यानं मूर्तीचं काही बिघडत नाही. हिरवं पडण्याची कारणं वेगळी. खारा वारा किंवा घासताना लावलेलं मीठ खाचेत राहिलं की फिकट हिरवी भुकटी धरते, आणि पुसली तरी दमट हवेत पुन्हा येते. तूप-तेल साचलं तर मेणचट हिरवा थर होतो. म्हणून चमक टिकावी म्हणून खोबरेल चोपडून ठेवू नका.

आंबट लावायचं ते महिन्या-दीड महिन्यातून एकदा, तेही थोडाच वेळ. लिंबाएवढी चिंच पाव लिटर कोमट पाण्यात पंधरा मिनिटं भिजवून कोळ काढा. कोकमाची ताजी सालंही चालतात, पण आगळ, म्हणजे कोकमाचा साठवणीचा रस, नको, त्यात भरपूर मीठ असतं. खारवलेली आमसुलंही नकोत. आधी मूर्ती कोमट पाण्यानं धुऊन तुपाचा ओशटपणा घालवा, नाहीतर कोळ लागतच नाही. मग बोटांनी कोळ लावून दोन-तीन मिनिटांत धुवा. रात्रभर बुडवून ठेवली तर जस्त निघून जातं आणि मूर्तीवर तांबूस डाग उमटतात. ते घासून जात नाहीत. नंतर लिटरभर पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा घालून त्यातून काढा, म्हणजे उरलेली आंबटाई मरते, आणि पुन्हा साध्या पाण्यानं धुवा. विहिरीचं पाणी मचूळ असेल तर शेवटचा हात गोड्या पाण्याचाच.

आता खरं काम. मऊ सुती कापडानं टिपा. हातापायांच्या बेचक्यात, मुकुटामागे, बैठकीखाली पाणी दडून राहतं. माडाच्या हिराला, म्हणजे झावळीच्या काडीला, कापूस गुंडाळून ते टिपून घ्या, साचलेलं कुंकूही त्यानंच निघतं. मग दहा-पंधरा मिनिटं ऊन. पाऊस असेल तर चुलीच्या उबेला.

भुकटी पुन्हा पुन्हा येत असेल तर ती मऊ ब्रशनं काढा, मूर्ती एक दिवस डिस्टिल्ड वॉटरमध्ये ठेवा, पाणी तीन-चारदा बदला. आतलं मीठ निघाल्याशिवाय वरून कितीही चकचकीत केलं तरी उपयोग नाही. मूर्ती नवी असून तिच्यावर पारदर्शक लाखेचा हात असेल, तर आंबट लावूच नका. लाख तुकड्या-तुकड्यानं सुटते आणि मूर्ती चट्ट्यापट्ट्यांची दिसते.

पंचामृताचं दही आणि मध तांबं ओढून घेतात. अभिषेक झाला की तीर्थ लगेच चांदीच्या किंवा स्टीलच्या भांड्यात काढा आणि देव कोमट पाण्यानं धुवा.

चेहऱ्याचं म्हणाल तर, घरातली मूर्ती अंगठ्याच्या पेरापासून वितीपर्यंतच असावी असं मत्स्यपुराण सांगतं. एवढ्याशा मूर्तीचं नाक तांदळाच्या दाण्याएवढं. राख, तारेची घासणी, पावडर, सगळ्यांचा पहिला मार उंचवट्यांवर बसतो, आणि मूर्तीचा अर्थही तिथेच असतो. बाळकृष्णाच्या हातातला लोण्याचा गोळा, अन्नपूर्णेची पळी. पळी झिजून काडी झाली की ती वाढणारी आई आहे हे कळणार कशावरून? म्हणून या जागांना फक्त कोळाचं बोट लावा, पावडर नको. गेलेलं नाक-डोळे कुणाकडून कोरून घेऊ नका, त्यात उरलेला धातूही जातो. झिजणं वेगळं आणि हात-पाय तुटून मूर्ती खंडित होणं वेगळं. झिजलेल्या बाळकृष्णाची पूजा खुशाल चालू ठेवा.

कुलदेवाचे टाक असतील तर ते पातळ पत्र्यावर ठोकून उठवलेले असतात. तळहातावर आडवे धरून पुसा, दाबलेत तर चेहरा आत जातो.

राहिली अन्नपूर्णा. लग्नात गौरीहराला पुजून माहेराहून आलेली ही मूर्ती आपण तांदळात बसवतो. अंघोळीनंतर ओलीच बसवली की ओल तांदळात मुरते आणि बैठक खालून हिरवी होते. पावसाळ्यात दर आठ दिवसांनी तांदूळ बदला आणि बसवण्याआधी तिच्या बुडाला बोट लावून पाहा, बोट ओलं होता कामा नये.