टॅगसकट साठवलेल्या मजकुरात शोध: शुद्ध मजकुराचा वेगळा कॉलम ठेवा

आपली अडचण अशी दिसते की लेखांचा मजकूर एडिटरमधून आला तसा, एचटीएमएल टॅगसकट (टॅग म्हणजे मजकुराची मांडणी सांगणाऱ्या खुणा), मायएसक्यूएल या डेटाबेसच्या एका कॉलममध्ये साठवलेला आहे. त्यात ‘पीक विमा’ शोधले की काही लेख सुटतात आणि इंग्रजीत ‘स्पॅन’ शोधले की जवळजवळ सगळेच लेख समोर येतात. क्वेरीत अक्षरे जुळवून शोधणाऱ्या लाइक ऑपरेटरला टॅग आणि मजकूर यांतला फरक कळत नाही, हेच दोन्हींचे कारण आहे. ‘पीक’ हा शब्द ठळक केलेला असेल, तर त्याच्या आणि ‘विमा’च्या मध्ये बंद होणारा टॅग येतो, ठळक नसला तरी मधली जागा पुष्कळदा साधी स्पेस नसून एडिटरने घातलेली एनबीएसपी (ओळ न तोडणारी वेगळी स्पेस) असते.

क्वेरीतच रेगेक्स (अक्षरांचा नमुना जुळवणारे सूत्र) लावून टॅग गाळण्याचा मार्ग मी सुचवणार नाही. त्यात दर शोधाला संपूर्ण टेबल वाचावे लागते, आणि ॲट्रिब्यूटच्या (टॅगमधल्या जादा माहितीच्या) आत ‘>’ हे चिन्ह येऊ शकत असल्यामुळे साधा रेगेक्स तिथे फसतो. शुद्ध मजकुराचा दुसरा कॉलम करावा, लेख जतन होतानाच तो भरावा आणि शोध त्याच्यावरच घ्यावा. मूळ कॉलम केवळ दाखवण्यासाठी राहू द्यावा.

हा कॉलम भरताना खरे एचटीएमएल पार्सर (एचटीएमएलची रचना ओळखून वाचणारे साधन) वापरावे. पीएचपीचे स्ट्रिप-टॅग्ज फंक्शन टॅगच्या जागी स्पेस ठेवत नाही, त्यामुळे यादीतले ‘तांदूळ’ आणि ‘डाळ’ हे दोन घटक ‘तांदूळडाळ’ असे चिकटतात. परिच्छेद, यादी, तक्ता यांच्या टॅगच्या जागी स्पेस यावी. ठळक किंवा तिरप्या अक्षरांच्या टॅगच्या जागी मात्र काहीच येऊ नये, नाहीतर शब्दाचा एखादाच भाग ठळक केलेला असल्यास त्याचे दोन तुकडे होतात. स्क्रिप्ट आणि स्टाइल या टॅगांमधला मजकूरही काढावा. एंटिटी (अक्षराऐवजी लिहिलेला सांकेतिक कोड) उलगडण्याचे काम टॅग निघाल्यानंतरच करावे, कारण ते आधी केले तर लेखकाने मजकूर म्हणून लिहिलेले ‘<’ हे चिन्ह टॅगची सुरुवात समजले जाते. काही एडिटर देवनागरी अक्षरेसुद्धा एंटिटी म्हणून साठवतात (‘म’ तेव्हा &#2350; असा दिसतो), म्हणून ही पायरी मराठीत टाळता येत नाही.

मराठीत आणखी एक गोष्ट जपावी लागते. ‘दुसऱ्या’ हा शब्द कोणी ‘ऱ’ आणि हलन्त वापरून टंकतो, तर कोणी साधा ‘र’, हलन्त आणि झेडडब्ल्यूजे (अक्षरे जोडणारे अदृश्य चिन्ह) वापरून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण डेटाबेसमध्ये वेगळे असतात आणि युनिकोडच्या एनएफसी सामान्यीकरणानेही (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपे एकसारखी करण्याच्या पद्धतीनेही) एक होत नाहीत. झेडडब्ल्यूजे सरसकट काढून टाकल्यास ‘दुसर्या’ असे भलतेच रूप उरते, म्हणून आधी ‘र’, हलन्त आणि झेडडब्ल्यूजे या क्रमाचे ‘ऱ्’ करावे आणि मगच उरलेली अदृश्य चिन्हे काढावीत. वाचकाने शोधासाठी टंकलेला शब्दही सफाईच्या याच फंक्शनमधून जायला हवा. एकाच बाजूची सफाई केली तर शोध जुळणार नाही.

लाइकऐवजी इनोडीबीचा (मायएसक्यूएलच्या साठवण-इंजिनचा) फुलटेक्स्ट इंडेक्स, म्हणजे शब्दांची शोधसूची, वापरणार असाल, तर त्याची किमान शब्दलांबी मुळात 3 असते, त्यामुळे ‘ऊस’ सापडणार नाही. ती सेटिंग 2 करून सर्व्हर पुन्हा सुरू करावा आणि इंडेक्स नव्याने बांधावा.

निकालांच्या यादीतला उतारा शुद्ध कॉलममधून घ्यावा, आधी त्यातली चिन्हे एस्केप करावीत (टॅग समजली जाणार नाहीत अशा रूपात बदलावीत) आणि त्यानंतरच जुळलेला शब्द उठून दिसावा म्हणून त्याच्याभोवती मार्क टॅग लावावा.