रुंद चेहऱ्याचा भाडेकरू लबाड निघतो का?

फोंड्यातला फ्लॅट भाड्याने द्यायचा आहे, तर माणूस चेहऱ्यावरून पारखता येईल का, आणि रुंद चेहऱ्याचे पुरुष फसवतात हे संशोधन खरं का, असं तुम्ही विचारलंय. चेहऱ्यावर अजिबात विसंबू नका.

तुम्ही वाचलेला अभ्यास बहुधा हेझलहुन आणि वोंग या संशोधकांचा, २०१२चा. गालांच्या हाडांमधली रुंदी भागिले भुवईपासून वरच्या ओठापर्यंतची उंची, असं ते माप. विद्यार्थ्यांना मालमत्तेच्या लुटुपुटूच्या सौद्यात बसवलं, फासे टाकून आकडा स्वतःच कळवायला सांगितलं. हे माप जास्त असलेले पुरुष जास्त खोटं बोलले. बायकांत असं काही दिसलं नाही. पण लोक एवढं वाचून थांबतात. पुढे २०१७ साली कोसिंस्की यांनी १,३७,१६३ जणांचे चेहरे मोजून त्यांनी स्वतःच्या स्वभावाबद्दल दिलेल्या उत्तरांशी ताडून पाहिले, तेव्हा संबंध जवळपास शून्य निघाला.

मी डिचोलीत पतसंस्थेत कर्जाचं काम बघतो. २०१२ला गोव्यातल्या लोहखनिजाच्या खाणी बंद पडल्या, मग २०१८च्या मार्चमध्ये पुन्हा, आणि सत्तरी-डिचोलीतल्या खनिज वाहणाऱ्या ट्रकमालकांचे हप्ते थकले. रुंद जबड्याचे, निमुळत्या हनुवटीचे, देवभोळ्या चेहऱ्याचे, सगळ्यांचेच. दारात उभा असलेला ट्रक कोणाचं तोंड बघून भाडं देत नाही. ज्यांचं घरात दुसरं उत्पन्न होतं, कुळागर (नारळ-सुपारीची बाग) किंवा सरकारी पगार, ते बहुतेक तरले. हे फॉर्मवर आधीच लिहिलेलं होतं, जामीनदाराच्या सहीच्या वरच्या रकान्यात.

मला खरी चीड येते ती चेहरा वाचणाऱ्यांच्या आत्मविश्वासाची. समोरचा खोटं बोलतोय की खरं, हे नुसतं बघून-ऐकून ओळखण्यात माणसं सरासरी ५४ टक्के वेळा बरोबर ठरतात. नाणं उडवलं तरी ५० येतात. आणि चुकलं की भोगतो दुसराच. फ्लोरिडातल्या खुनाच्या कैद्यांचे फोटो काहीच न सांगता लोकांना दाखवले, तर मृत्युदंडाची शिक्षा सुनावलेल्यांचे चेहरे त्यांना जन्मठेपवाल्यांपेक्षा कमी विश्वासू वाटले. पुढे निर्दोष सुटलेल्यांतही तोच फरक दिसला! आपल्याकडे गालावर व्रण असलेल्या, बाहेरून कामाला आलेल्या पोराला खोली मिळत नाही, ती याच नजरेने. पगार वेळेवर, कागद चोख, तरी दार बंद.

तुम्ही आधीच्या घरमालकाला फोन करा, आणि नंबर भाडेकरूकडून न घेता जुन्या करारावरून घ्या. कामाच्या ठिकाणी जाऊन या. करार लेखी करा, अनामत पावती देऊन घ्या, पोलीस ठाण्यात भाडेकरूचा फॉर्म भरा. वीजबिल कोणी भरायचं तेही करारातच लिहा, आमच्याकडे निम्मी भांडणं त्यावरूनच येतात.