वाचक विचारतात : 1961 साली आमचं गाव कुठलं?

प्रश्न : आम्ही घिसाडी. मुलीला नर्सिंगला जायचंय. जातीच्या दाखल्याला गेले तर 1961 च्या आधीचा पुरावा आणा म्हणाले. सासरे बैलगाडीत भाता टाकून गावोगाव खुरपी-विळे करत फिरायचे, शाळा कुठली! मिस्टरांच्या दाखल्यावर मास्तरांनी नुसतं 'हिंदू लोहार' लिहिलंय. टेबलावरचे म्हणाले, मग ओबीसीचा काढा. काढू का?
– एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : नको ताई, अजिबात नको. घिसाडी भटक्या जमाती ब मध्ये येतात, त्यांना 2.5 टक्के वेगळं आरक्षण आहे, आणि एकदा का चुकीचा दाखला घरात आला की पुढं व्हॅलिडिटीला, म्हणजे जात पडताळणीला, तोच कागद आडवा येतो. सरकारी यादीत घिसाडीसोबत घिसाडी लोहार, गाडी लोहार अशी नावं आहेत, मास्तरांनी अर्धंच लिहिलं एवढंच.

पुराव्यासाठी ठरलेली तारीख आहे 21 नोव्हेंबर 1961. त्या वेळी कुटुंब जिथं राहत होतं तिथल्या प्रांत ऑफिसात अर्ज करायचा असतो. (पालावर राहणाऱ्याला हे विचारायचं म्हणजे कमालच आहे, पण असो.) पुरावा शाळेतच सापडतो असं नाही. सासरकडच्या, म्हणजे मुलीच्या वडिलांच्या रक्तातल्या कुणाची व्हॅलिडिटी झाली असेल तर आधी ती मागून घ्या, त्याच्यासारखा पुरावा नाही. नसेल तर सासूबाईंना विचारा, कोण कुठं जन्मलं, कोण कुठल्या गावात वारलं. गाव कळलं की तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये त्या गावचा नमुना 14 मागा, कोतवाल बुक म्हणतात ते, त्यात जन्ममृत्यूच्या नोंदीत जात लिहिलेली सापडते, जुनी पानं मोडीत असली तर वाचणारा शोधावा लागेल.

काहीच नाही मिळालं तरी अर्ज कराच आणि गृहचौकशी करा म्हणून लेखी मागणी जोडा. आणि खिडकीवर कुणी तोंडी नाही म्हणालं तर परत फिरू नका, नकार कागदावर मागा, कारण अपील त्या कागदावर होतं आणि तो हातात पडल्यापासून फक्त 30 दिवस असतात.

चौकशीला माणूस आला की धंदा, देव, लग्नाच्या रीती असलं सगळं विचारतो, तेव्हा सासूबाईंनाच बोलू द्या. सासऱ्यांचा भाता अजून माळ्यावर असेल तर तोही खाली काढून ठेवा.