चुकलं तरी समेपर्यंत

पंचेचाळीस-पन्नाशीतली माणसं समुपदेशनासाठी माझ्यासमोर बसून एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत विचारतात. ‘मॅडम, या वयात नवीन काही डोक्यात शिरतं का हो?’ कुणाला पोहायला शिकायचं असतं, कुणाला पेटी, कुणाला गाडी. विचारणाऱ्यांपैकी बरेचजण आधीच एकदा क्लास लावून सोडून आलेले असतात आणि सोडल्याचं खापर वयावर फोडून मोकळे झालेले असतात. म्हणून नवी मुंबईतल्या नेरुळच्या एका बाईंबद्दल लिहितेय. त्यांची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

वय ४९. महापेच्या एका कंपनीत अकाउंट्सचं खातं सांभाळतात. मुलगा शिकायला बाहेरगावी. माझ्याकडे आल्या त्या झोपेसाठी. पहाटे तीनला जाग यायची, दिवसभर चिडचिड, रोजच्या माणसांची नावंही ऐनवेळी आठवायची नाहीत. ‘माझा मेंदू कामातून गेलाय बहुतेक,’ त्या म्हणाल्या. वर पुरावाही दिला: ‘चार महिने तबल्याच्या क्लासला गेले. साधा तीनताल बसेना. शेवटी सोडला.’

तबल्याकडे वळण्याआधी मी त्यांना डॉक्टरांकडे पाठवलं. पाळी जाण्याच्या आधीच्या वर्षांत झोप मोडणं, शब्द ओठांवर येऊन अडकणं हे पुष्कळ बायकांच्या वाट्याला येतं. थायरॉइड बिघडला किंवा बी-१२ कमी झालं तरी असंच होतं. यांचं बी-१२ कमी निघालं, उपचार सुरू झाले. विसरायला होणं म्हणजे वय झालं असं समजून गप्प बसणारे खूप भेटतात, म्हणून हे मुद्दाम लिहिते. आधी रक्त तपासा, मग स्वतःबद्दलचे निष्कर्ष काढा.

आता तबला. बाईंचा कान तयार होता. माहेरी दर गुरुवारी भजन, आणि वाशीच्या विष्णुदास भावे नाट्यगृहात गाण्याचा कार्यक्रम असला की या हजर. क्लासमध्ये मात्र बरोबर सगळी आठ-दहा वर्षांची मुलं. संगीताच्या परीक्षा घेणाऱ्या अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाची वास्तू वाशीतच आहे. या मुलांपैकी बरीचशी मंडळाच्या प्रारंभिक परीक्षेच्या तयारीत होती. एका शनिवारी शेजारी बसलेला मुलगा त्यांना म्हणाला, ‘काकू, खाली चुकली तुमची. परत.’ खाली म्हणजे तालातला टाळी न देता हात मोकळा सोडायचा भाग. सर जसं म्हणायचे तसंच तो म्हणाला, त्यात खोडी नव्हती. मागची दोघं हसली. पुढच्या आठवड्यात बाईंनी ऑडिटचं कारण सांगितलं, त्याच्या पुढच्या आठवड्यातही. मग तबला-डग्गा कपाटावर गेला.

‘ऑफिसात माझ्या सहीशिवाय एक व्हाउचर पुढे सरकत नाही,’ त्या म्हणाल्या, ‘आणि इथे दुसरी-तिसरीतला मुलगा मला परत म्हणतो.’ हे सांगतानाही त्यांचा गळा दाटून आला. मला ही गोष्ट मुळीच क्षुल्लक वाटली नाही. वीस-पंचवीस वर्षं ज्यांच्याकडे लोक विचारायला येतात, त्यांची चारचौघांत चुकण्याची सवय सुटलेली असते. याच बाईंनी ऑफिसातल्या नव्या सॉफ्टवेअरच्या ट्रेनिंगला स्वतः न जाता ज्युनिअरचं नाव दिलं होतं. कारण तेच.

मी त्यांना म्हटलं, ‘माझ्या टेबलावर वाजवून दाखवा.’ त्या नाही-नाही म्हणाल्या, मग घड्याळ काढून बाजूला ठेवलं. तोंडाने ठेका अगदी स्वच्छ म्हणून दाखवला. सोळा मात्रा, चार विभाग, टाळी पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेवर, खाली नवव्यावर. मग बोटं सुरू झाली. धा धिं धिं धा, धा धिं... बोट अडखळलं. ‘सॉरी,’ आणि पुन्हा पहिल्या धापासून. या वेळी सातवीला अडखळल्या. ‘सॉरी,’ पुन्हा पहिल्यापासून. मला तबला येत नाही, पण मी बघत होते. बराच वेळ वाजवून झाल्यावर विचारलं, ‘यात खाली किती वेळा आली?’

हिशेबातली बाई. क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, ‘एकदा.’ मग स्वतःशीच बोलल्यासारखं, ‘म्हणजे मॅडम, खालीचा रियाज मी केलेलाच नाही. चुकले की मागे जाते. पहिला विभाग हजारदा वाजवला असेल. धिंच्या जागी तिं येतो, तिथपर्यंत मी पोचतच नाही.’

त्या मुलाला चूक बरोबर तिथेच का सापडली, हे त्यांना माझ्या टेबलावर कळलं. आणि मला या अनुभवातून जे सांगायचंय ते हेच आहे. मोठ्या वयात शिकताना हात नवखा असतो पण कान जाणकार असतो. मुलांना आपलं वाजवणं खटकत नाही, ती रेटत पुढे जातात आणि पुढचं शिकतात. मोठ्या माणसाला प्रत्येक चूक ऐकू येते, ती पुसून टाकायची घाई होते, म्हणून तो सुरुवातीला परततो. त्यातून सुरुवात गुळगुळीत होते, पुढचा भाग कच्चाच राहतो, आणि माणूस म्हणतो, माझ्यात काही उरलं नाही. पोहायला शिकणारे गृहस्थ दोन हात मारून काठ धरतात, तेव्हा तेही हेच करत असतात.

पुढच्या भेटीपर्यंत दोनच गोष्टी ठरल्या. चुकलं तरी थांबायचं नाही. तोंडाने बोल चालू ठेवायचे, हात सुटला तर सुटू दे, समेला, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेला, पकडायचा. आणि सॉरी म्हणायचं नाही, घरच्यांनासुद्धा. दुसरी गोष्ट त्यांना पहिलीपेक्षा जड गेली.

वेळही बदलली. त्या रविवारी दोन तास बसायच्या, उरलेला आठवडा काही नाही. मी रोज वीस मिनिटं सांगितली. हाताची कला सरावाच्या वेळी जितकी बसते तितकीच नंतरच्या झोपेत पक्की होते, आणि थोडं थोडं रोज केलेलं एकदम रेटून केलेल्यापेक्षा जास्त टिकतं. १८८५ मध्ये एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने स्वतःवर पाठांतराचे प्रयोग करून हे अंतराचं महत्त्व दाखवलं होतं. बाईंचा विश्वास बसला नाही. म्हटलं, विश्वास नको, महिनाभर करून बघा.

नवरा एका सत्राला आला. ‘आता काय झाकीर हुसेन व्हायचंय का तुला?’ हे त्याचं वाक्य बाईंना फार लागलं होतं. तिच्या डोक्यावरचा ताण कमी व्हावा म्हणून तो तसं बोलला होता, आणि संध्याकाळच्या बातम्यांच्या वेळी आवाज नकोसा वाटतो, एवढंच त्याचं म्हणणं निघालं. बातम्यांआधीची वेळ ठरली. खालच्या मजल्यावरच्यांना बाईंनी स्वतः जाऊन सांगितलं.

वयाचं काय, हा प्रश्न तरी राहतोच. त्याचं खरं उत्तर द्यावं, नुसता धीर देऊ नये. जर्मनीत संशोधकांनी साठीच्या आसपासच्या लोकांना तीन चेंडूंची झेलाझेल शिकवली आणि २००८ मध्ये निष्कर्ष मांडले. तीन महिन्यांच्या सरावानंतर त्यांच्या मेंदूच्या चित्रांत बदल दिसला. मेंदू त्या वयातही शिकताना बदलतो, याबद्दल शंका नको. पण तरुणांच्या मानाने त्यांच्यातल्या कमी जणांना ती झेलाझेल नीट साधली. दोन्ही गोष्टी मी बाईंना सांगितल्या. वेग कमी होतो, सुटं-सुटं पाठांतर जड जातं, चाळिशीनंतर जवळचं वाचायला चष्मा लागतो. नियमितपणा, बारकाईने ऐकणं आणि कुठे अडतंय ते ओळखणं हे मात्र वीस वर्षांच्या मुलापेक्षा जास्त असतं. फक्त ते वापरायला हवं.

परीक्षेला बसू का, असं त्यांनी विचारलं. मी तूर्त नको म्हटलं. परीक्षा वाईट नाही. पुढे ध्येय नसेल तर ज्यांचा पाय हलत नाही, त्यांनी जरूर बसावं. यांना मात्र सिद्ध करून दाखवण्याचीच सवय जडली होती. क्लास बदलायला मी सुचवलं आणि त्यांनी मोठ्यांची सकाळची बॅच शोधली. माझ्या मते मोठ्या माणसाने शिक्षक निवडताना एवढं तरी बघावं की तो मुलांशी बोलतो तसंच आपल्याशी बोलतो, की चूक नेमकी कुठे होतेय ते समजावून सांगतो.

सोडू नका, असं मी सगळ्यांना सांगत नाही. वाजवताना कंटाळा येत असेल तर खुशाल सोडावं. वाजवताना बरं वाटतं पण कुणी ऐकेल या विचाराने पोटात गोळा येतो, असं असेल तर सोडू नये. तिथे तबल्याची आवड शाबूत आहे आणि अडचण लाजेची आहे, आणि लाजेवर काम करता येतं.

तीनताल आता विलंबित, म्हणजे संथ लयीत बसलाय, दुगुन, म्हणजे दुप्पट लय, अजून फाटते. झोप सुधारली, त्यात औषधाचा मोठा वाटा आहे. सध्या झपताल चालू आहे. दहा मात्रा, दोन-तीन-दोन-तीनचे विभाग, त्यामुळे चार-चारला सरावलेला हात मध्येच भरकटतो. बोल चालू राहतात, हात समेला परत येतो. आणि ऑफिसातल्या त्या सॉफ्टवेअरच्या पुढच्या ट्रेनिंगला बाईंनी स्वतःचं नाव दिलंय, त्यांच्या ज्युनिअरबरोबर.