सुझानाची पट्टी आणि नॅन्सी स्टोराचेचा गळा

मोझार्टच्या 'फिगारोचं लग्न' या ऑपेरातली सुझाना हलक्या आवाजाची भूमिका समजली जाते, मग चौथ्या अंकातलं तिचं गाणं 'देह व्येनी, नॉन तार्दार' इतक्या खालच्या स्वरांत का उतरतं, असा प्रश्न आहे. उत्तर नॅन्सी स्टोराचेच्या गळ्यात आहे. 1 मे 1786 ला व्हिएन्नात पहिली सुझाना तिनेच गायली.

जन्म लंडनचा, 1765. वडील इटालियन, डबल बास वाजवणारे. शिक्षण कास्त्राती (उंच आवाज टिकावा म्हणून लहानपणीच खच्ची केलेला) गायक राउझ्झिनीकडे, मग इटलीतले रंगमंच. 1783 मध्ये सम्राट दुसऱ्या जोसेफच्या इटालियन विनोदी ऑपेरा मंडळीत ती मुख्य गायिका झाली. जून 1785 मध्ये भाऊ स्टीफनच्या नव्या ऑपेराच्या पहिल्याच प्रयोगात तिचा आवाज बसला. काही महिन्यांनी ती परतली, तेव्हा मोझार्ट, सालिएरी आणि कॉर्नेटी या संगीतकारांनी मिळून तिच्यासाठी स्वागतगीत रचलं. ते हरवलेलं गीत 2015 मध्ये प्रागला सापडलं.

सुझाना लिहिली गेली ती या आजारानंतर. 'देह व्येनी' मिडल सीच्या खालच्या ए पर्यंत उतरतं (पेटीवर खालच्या सप्तकातली पांढरी सहा) आणि तिथून वर बरोबर दोन सप्तकं जातं. ताना जवळजवळ नाहीतच. मोझार्टच्याच आधीच्या एका ऑपेरातल्या कोन्स्टान्झ या भूमिकेसाठी गायिका कावालिएरीला दिलेल्या तानांशी ताडून पाहा, फरक लगेच दिसेल. स्टोराचेची ताकद अभिनयात आणि शब्द पोचवण्यात होती. मोझार्टने या जागेसाठी आधी एक भारदस्त रोंदो (आधी संथ, मग जलद असं दोन भागांचं गाणं) सुरू केला होता, तो सोडून हे साधं गाणं ठेवलं. माझ्या मते त्याचा हा निर्णय अचूक होता.

चूक होते ती खालच्या ए वर. छातीचा जोर लावला की स्वर जाड होतो आणि पुढची चढण अडखळते. जोराची गरजच नसते: तंतुवाद्यं बोटांनी छेडलेली असतात, सोबत फक्त बासरी, ओबो आणि बासून ही फुंकवाद्यं. शब्द ओठांपाशी ठेवून बोलल्यासारखं उतरा. सुझाना चारही अंकांत गात असते आणि हे गाणं शेवटाकडे येतं, म्हणून तालमीतही ते थकल्या गळ्याने गाऊन पाहा.

तरीही ए बसत नसेल, तर 1789 च्या पुनःप्रयोगाकडे वळा. तेव्हा सुझानाची भूमिका गायिका फेरारेझेकडे होती, म्हणून मोझार्टने दोन गाणी बदलली. 'देह व्येनी'च्या जागी आलेल्या 'अल देसिओ'त मोठमोठ्या उड्या आहेत, नवशिक्या गळ्याला ते आणखी जड जाईल. दुसरं, 'उन मोतो दी जोया', छोटं आणि हलकं आहे. सुरुवात त्याने करा.