‘यूज्ड टू’ नेमकं कुठे लिहायचं?

तुम्ही विचारलंय की रोज चहा पितो हे सांगायला ‘आय यूज टू ड्रिंक टी डेली’ लिहिलं तर चालेल का. नाही चालणार. त्याला साधं ‘आय ड्रिंक टी डेली’ पुरे, सवय आजही चालू आहे ना.

यूज्ड टू म्हणजे आपलं प्यायचो, जायचो, खेळायचो. मराठीत जिथे असं ‘चो’ किंवा ‘ची’ येतं, म्हणजे पूर्वी नेहमी करायचो आणि आता नाही, तिथेच ते बसवा. लहानपणी मे महिन्यात एसटीने मामाकडे जायचो, ‘वी यूज्ड टू गो’. पण मागच्या वर्षी एकदा गोव्याला गेलो असेल तर नुसतं ‘वेंट’, कारण तिथे आपणही ‘जायचो’ म्हणत नाही. (‘मला जायचंय’ मधलं जायचं वेगळं, त्यात गुंतू नका.)

मी हे चांगलंच शिकलोय. दुसऱ्या नोकरीसाठी अर्ज करताना मी लिहिलं होतं ‘आय यूज्ड टू हँडल जीएसटी रिटर्न्स’, आणि तेव्हा मी ते काम रोज करत होतो! इंटरव्ह्यूत पहिलाच प्रश्न आला की मग ते काम कधी सोडलं, आणि पुढची पाच मिनिटं तेच समजावण्यात गेली.

आता ‘आय अ‍ॅम यूज्ड टू’, हे वेगळंच, याचा अर्थ सवय आहे. गर्दीची सवय आहे, ‘आय अ‍ॅम यूज्ड टू द क्राउड’. इथे टू नंतर नाम लागतं, म्हणून क्रियापद आलं की त्याला आयएनजी लावायचं, जसं आपण ‘लवकर उठण्याची सवय’ म्हणताना उठचं उठणं करतो तसंच, ‘आय अ‍ॅम यूज्ड टू वेकिंग अप अर्ली’. इथे ‘वेक अप’ लिहिलं की चुकलं.

स्पेलिंगचा घोळ कानामुळे होतो. बोलताना ते ‘यूस्टू’ ऐकू येतं, शेवटचा डी पुढच्या ट मध्ये विरतो, मग लोक लिहितानाही तो गाळतात. लिहिताना डी हवाच. फक्त डिड किंवा डिडन्ट आलं की तो काढायचा, भूतकाळ डिडने दाखवलाय ना, ‘आय डिडन्ट यूज टू लाइक कॉफी’, म्हणजे मला पूर्वी कॉफी आवडायची नाही.

तुमची दोन-तीन वाक्यं इथे खाली टाका, बघून सांगतो.